पावलांचं माप

सोमवारी सकाळी साडेदहा वाजता ट्रेंच नंबर सातमध्ये, एक मीटर चाळीस सेंटिमीटर खोलीवर, तीन हजार वर्षांपूर्वीच्या घराची जमीन लागली आणि ती आमच्या स्वयंपाकघराची निघाली.

आधी मोरीचा कठडा दिसला. मग ओटा, मग गॅसची शेगडी, आणि मग ओट्यापाशी कणीक मळत उभी असलेली माझी बायको शशिकला. हौसाबाईंनी तिच्या खांद्यावरची माती कुंचल्यानं हलकेच झाडली. वस्तू दिसायला लागली की खुरपं बाजूला ठेवायचं आणि कुंचला घ्यायचा, हा आमच्याकडचा पहिला नियम आहे. हौसाबाई गेली तीस वर्षं टेकाडं खणतायत, त्या नियम मोडत नाहीत.

मी पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन आहे. उत्खननात जे निघेल ते मोजायचं आणि ग्राफ पेपरवर उतरवायचं. मडकं निघालं की मडकं, चूल निघाली की चूल, सांगाडा निघाला की सांगाडा. अठ्ठावीस हंगाम हेच करतोय. दिवाळी झाली की घर सोडायचं, एप्रिलअखेर परत यायचं. लोक मला विचारतात, तुम्हाला धक्का नाही का बसला? नाही बसला. एका हातात टेप आणि दुसऱ्या हातात पेन्सिल असली की माणसाला धक्का बसायला सवड नसते. मी ओट्याची लांबी घेतली. एकशे ऐंशी भरली. घरी आहे तेवढीच.

खटकली ती एकच गोष्ट. आमचं घर पुण्यात, बिबवेवाडीला, दुसऱ्या मजल्यावर आहे. ते नदीकाठच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, जमिनीखाली लागायला नको होतं. फार तर पहिल्या मजल्यावरचे मोहोळकर लागायला हवे होते. मी तसं धोंगडे मॅडमच्या कानावर घातलं. मॅडम आमच्या उत्खननाच्या प्रमुख. उन्हात टोपी घालत नाहीत आणि कुणाचं म्हणणं पटलं तरी पटलं असं म्हणत नाहीत. त्या म्हणाल्या, थर मागेपुढे होतात, उंदीर बिळं करतात, तुम्ही मोजत राहा.

"एप्रिलअखेर येणार होतात ना?" शशिकलेनं मला विचारलं.

"मी आलो नाही. तू सापडलीस."

"बरं. मग सगळ्यांनी चपला बाहेर काढा. आत्ताच पुसून घेतलंय."

ट्रेंचमधल्या अकरा माणसांनी शिडी चढून वर जाऊन चपला काढल्या आणि ती अनवाणी खाली आली. मॅडमनीसुद्धा बूट काढले. त्यांच्या डाव्या मोज्याला भोक होतं, ते मी नकाशात दाखवलं नाही.

मंगळवारी आम्ही जमिनीखाली गेलो. या टेकाडावरच्या लोकांची एक रीत होती, ती इथं सांगितली पाहिजे. घरातलं माणूस गेलं की ते गावाबाहेर नेत नसत. घरातच, चुलीजवळ, जमीन उकरून पुरत आणि वरून परत सारवून घेत. शिवाय पुरण्याआधी त्याची पावलं तोडून टाकत. घोट्याच्या चार बोटं वरून, दोन्ही. असे तीस सांगाडे त्या हंगामात निघाले होते आणि तिसांचीही चित्रं मी काढली होती. एकालाही पाऊल नव्हतं. मॅडमच्या अहवालात त्याच्यापुढे "कारण अज्ञात" असं लिहिलेलं होतं.

गॅसच्या डाव्या हाताला, जिथं आमच्याकडे पिठाचा डबा असतो, तिथली फरशी पोकळ वाजली. हौसाबाईंनी ती उचलली. खाली लांबट खड्डा होता, उत्तर-दक्षिण, कडा गुळगुळीत, तळाला राख पसरलेली. अगदी बाकीच्या तीस खड्ड्यांसारखा. मी कागद घेतला, आकार उतरवला आणि हाताच्या सवयीनं कोपऱ्यात लिहून टाकलं: दफन क्रमांक ३१.

मग मान वर करून पाहिलं. खड्डा रिकामा होता.

आमच्या धंद्यात याच्याइतकी मोठी चूक नाही. रिकामा खड्डा म्हणजे नुसता खड्डा. त्याला दफन क्रमांक द्यायचा नसतो. आणि एकदा दिलेला क्रमांक खोडता येत नाही, कारण नोंदवहीत खाडाखोड चालत नाही. अठ्ठावीस वर्षांत मी एकही आकडा चुकवला नव्हता. मला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तसं पुटपुटलो, ते मॅडमनी ऐकलं असावं.

"गुंजाळ, उंची किती तुमची?"

"एकशे सहासष्ट."

"खड्डा?"

"एकशे बावन्न."

"फरक?"

फरक चौदा सेंटिमीटर होता. मी टेप माझ्याच पायाला लावून पाहिला. तळव्यापासून घोट्याच्या वर चार बोटं, चौदा. हौसाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

मॅडम म्हणाल्या, "आडवे व्हा जरा."

बुधवारी सकाळपासून मी खड्ड्यात आडवा होतो. डोकं उत्तरेला, हात अंगालगत. नडगीपर्यंत खड्डा असा बेतलेला होता की शिंप्यानं माप घेऊन शिवावा. फक्त पावलं दक्षिणेच्या काठावर बाहेर राहिली होती आणि येणारीजाणारी माणसं त्यांना अडखळत होती. तळाची राख मऊ होती. खोटं कशाला बोलू, छावणीतल्या खाटेपेक्षा मला तिथं बरी झोप लागली. त्रास होता तो खालून. पहिल्या मजल्यावरचे मोहोळकर काठीनं ठोकत होते. त्यांच्या छताला म्हणे माणसाच्या आकाराचा फुगवटा आला होता आणि ते सोसायटीकडे तक्रार करणार होते. शशिकलेनं खाली वाकून त्यांना सांगितलं की शनिवारी हंगाम संपतो, तेव्हा काय ते नक्की होईल, तोवर दम धरा.

त्याच दिवशी लक्षात आलं की ट्रेंच लहान होतेय. सोमवारी ती दहा बाय दहा मीटर होती. बुधवारी मी पडल्या पडल्या टेप टाकला तर सहा बाय सहा. कोपऱ्यातल्या खुंट्या आपोआप आत आल्या होत्या आणि त्यांच्यामधली दोरी ताठ होती. मॅडमना त्यात काही विशेष वाटलं नाही. हंगाम संपत आला की दोऱ्या आवळतात, असं त्या म्हणाल्या.

दुपारी फॉर्म आला. प्रत्येक दफनाचा एक फॉर्म असतो. एरवी तो मॅडमच भरतात, कारण घरची माणसं तीन हजार वर्षांपूर्वी गेलेली असतात. इथं घरचं माणूस समोर भाजी चिरत होतं, त्यामुळे तो शशिकलेच्या हातात दिला. तीन रकाने होते. पहिला, मृतासोबत ठेवलेल्या उपयोगी वस्तू. दुसरा, मृतासोबत ठेवलेली निरुपयोगी वस्तू. तिसरा, पावलं: ठेवावीत की तोडावीत.

तिसरा रकाना मी दोनदा वाचला. मी हौसाबाईंना हळूच विचारलं, की बाई, तुम्ही तीस खड्डे खणलेत, ही पावलं का तोडायचे हो हे लोक?

हौसाबाई राख चाळत होत्या. त्यांनी चाळणी खाली ठेवली. "भाऊसाहेब, ज्याला घरात ठिवायचं त्याचंच तोडायचं. येशीच्या भाईर पुरलेत त्यांची हायेत की शाबूत. ते कुठं गेले काय न् ऱ्हायले काय, कुणाला पडलीय?"

अहवालात कारण अज्ञात होतं आणि हौसाबाईंना ते तीस वर्षं ठाऊक होतं. कुणी विचारलंच नव्हतं.

मॅडमनी नियमही सांगितला. पावलं नसलेला सांगाडा म्हणजे घरातला. तो जागेवर जतन करायचा, म्हणजे वरून माती घालून होता तिथंच ठेवायचा. पावलं असलेला म्हणजे बाहेरचा. तो खोक्यात भरून, शनिवारच्या जीपनं, खात्याच्या गोदामात. गोदाम मी पाहिलंय. तिथं लोखंडी मांडण्यांवर चारशे खोकी आहेत आणि एक पंखा.

बोलता बोलता मॅडम सहज म्हणाल्या, "तसंही गुंजाळ दोन वर्षं आमच्याकडेच आहेत. पलीकडच्या खोऱ्यात नवं टेकाड घेतोय. मुदतवाढीवर सही झालीय त्यांची जानेवारीत."

शशिकलेची विळी थांबली.

हे मी घरी सांगितलेलं नव्हतं. मेअखेर मी निवृत्त होणार, असंच ती धरून चालली होती. खिडकीत माझ्यासाठी जुनी वेताची खुर्ची दुरुस्त करून ठेवली होती. ही फोनवर सांगायची गोष्ट नाही, असं मी स्वतःला बजावलं होतं आणि समोर सांगायची वेळ येऊ नये म्हणून फेब्रुवारीत घरी जायचंही टाळलं होतं. आता मी तिच्या पायाशी खड्ड्यात पडलो होतो आणि बोलायला काही जागा उरली नव्हती.

ती एवढंच म्हणाली की फॉर्म राहू दे, विचार करून सांगते. मग विळी पुन्हा सुरू झाली.

खरं सांगतो, बुधवारपर्यंत मला पाय तुटायची भीती वाटत होती. गुरुवारपासून ते न तुटण्याची वाटायला लागली. माणूस काय विचित्र प्राणी आहे. अठ्ठावीस वर्षं ज्या घरातून दरवर्षी सहा महिने पळून गेलो, त्या घरानं आपल्याला ठेवून घ्यावं म्हणून मी खड्ड्यात पडून बायकोच्या तोंडाकडे बघत होतो. आणि ती बघत नव्हती. ती माझ्यावरून पलीकडे जायची, मिठाची बरणी घ्यायची, परत माझ्यावरून अलीकडे यायची. चहा द्यायची, पण बशी नाही. कोथिंबीर निवडताना काड्या माझ्या छातीवर पडत होत्या, त्या उचलायची आणि म्हणायची, "राहू दे, आमटीत चालतील." मला फार वाईट वाटलं.

गुरुवारी पहिला रकाना भरला. शशिकलेनं एक तांब्या, दोन वाट्या आणि माझा डबा दिला. मॅडमनी ते नुसतं लिहून घेतलं. त्यांचं लक्ष दुसऱ्या रकान्याकडे होतं.

या दुसऱ्या रकान्यापायी मॅडमची हयात गेली आहे. त्यांचं म्हणणं असं, की मेलेल्याजवळ मडकं ठेवलं तर त्याला भूक लागेल असं कुणालातरी वाटलं, एवढंच सिद्ध होतं. ती झाली नुसती तरतूद. पण ज्या दिवशी कुणीतरी मेलेल्याजवळ काहीही कामाचं नसलेलं काहीतरी ठेवलं, त्या दिवशी माणूस सुरू झाला. एक शिंपला, एक रंगीत खडा, काहीही. तीस खड्ड्यांत त्यांना तसं काही मिळालं नव्हतं. सगळी मडकी. कुणी म्हणालं होतं की एकात मणी आहे, तर ती उंदराची लेंडी निघाली. मॅडम त्या दिवशी जेवल्या नव्हत्या.

"बिनकामाची वस्तू पाहिजे, वहिनी," त्या म्हणाल्या. "घरात शोधा."

शशिकला कामाला लागली. मी तिला ओळखतो, मला तेव्हाच कळलं की हे अवघड जाणार. तिनं फळ्या उपसल्या. कुकरची विरलेली रबरी रिंग निघाली. मॅडम पुढे सरसावल्या, पण शशिकला म्हणाली की नवी आणताना मापाला ही न्यावी लागते. मोडकी छत्री निघाली, तर तिच्या काड्या टोमॅटोच्या रोपांना लागतात. धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या निघाल्या, त्यांच्याविषयी तर बोलायलाच नको. कान तुटलेला कप मिरवण्यासाठी नसला तरी तेल मोजायला होता. आइसक्रीमच्या डब्यात भोपळ्याच्या बिया, विझलेल्या काड्या, सुतळीचे तुकडे, नेलकटरची तुटलेली पात. प्रत्येकाचा काही ना काही उपयोग ती सांगत गेली, आणि तो उपयोग खरा होता.

संध्याकाळपर्यंत मॅडम घायकुतीला आल्या. म्हणाल्या, अहो, एकही बिनकामाची वस्तू नाही तुमच्या घरात?

"होती एक," शशिकला म्हणाली. "ती तुम्ही आधीच खड्ड्यात ठेवलीय."

अकरा माणसं हसली. मी हसलो नाही. खालून मोहोळकरही हसल्याचा आवाज आला, ते मला जास्त लागलं.

शुक्रवारी ट्रेंच तीन मीटरवर आली. ओट्याच्या मागे मातीची भिंत, मोरीच्या मागे मातीची भिंत, वर चौकोनी आकाश. कामगार दाटीवाटीनं ओट्यावर बसले होते आणि खणायला जागा नसल्यामुळे लसूण सोलत होते. हौसाबाईंनी गेरू कालवून आणला. टेकाडावरचे लोक मेलेल्याला गेरू लावायचे. शशिकलेनं बजावलं की अंगाला लावा पण सदऱ्याला लावू नका, निघत नाही तो. मग माझा सदरा काढून मला गेरू लावला. कपाळ, छाती, दोन्ही हात. पावलांपाशी येऊन हौसाबाई थांबल्या आणि शशिकलेकडे पाहिलं. शशिकला म्हणाली, तिथं नको इतक्यात.

त्या दिवशी ती पहिल्यांदा माझ्याजवळ बसली. खड्ड्याच्या काठाशी पाट टाकून.

"तुम्हाला जायचंय का राहायचंय?"

उत्तर मोजून द्यायची माझी सवय आहे.

"मला राहायचंय," मी म्हणालो. "पायांचं मला माहीत नाही."

तिनं मान हलवली. हे तिला आधीच माहीत असावं. ती म्हणाली की पहिल्या वर्षी, लग्न होऊन चारच महिने झाले होते तेव्हा, तुम्ही निघालात आणि जिन्यात तुमची पावलं वाजत गेली. मी रडेन असं तुम्हाला वाटलं म्हणून तुम्ही मागे पाहिलं नाहीत. मी रडत नव्हते. मी ऐकत होते की ही थांबतात का. त्यानंतर सत्तावीस वेळा ऐकलं, असं म्हणून ती उठली आणि कुकर लावला.

शनिवार उजाडला. वर जीप येऊन उभी राहिल्याचं ऐकू आलं. ट्रेंच आता स्वयंपाकघराएवढीच राहिली होती. शिडी लावायलाही जागा नव्हती, बाहेर पडायचं तर आमच्या स्वयंपाकघराच्या दारातूनच. दार उघडलं की थेट जीप दिसत होती. तिच्या मागच्या भागात माझ्या मापाचं खोकं ठेवलेलं होतं. एकशे सहासष्ट, आत भुसा. कामगारांनी सामान नेलं. मॅडम फॉर्म घेऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की दुसरा रकाना कोरा राहिला तर राहिला, तिसऱ्याचं तरी सांगा.

शशिकलेनं विळी घेतली, पाटावर बसली आणि माझं उजवं पाऊल मांडीवर घेतलं.

मला जे वाटलं त्याला आनंद म्हणतात, दुसरं काही नाही. डोळे भरून आले. तिनं अंगठ्यानं पात्याची धार पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं.

"धार लावून आणा म्हणून दिवाळीपासून सांगतेय," ती म्हणाली.

खरं होतं. दिवाळीत सांगितलं होतं आणि मी आल्यावर बघू म्हणालो होतो. या विळीनं धड भोपळासुद्धा चिरला जात नव्हता. मी ताडकन उठून बसलो. म्हटलं, त्यात काय, दहा मिनिटांचं काम, कोपऱ्यावर धारवाला बसतो, मी आत्ता येतो लावून. विळी काखेत मारली आणि एक पाय खड्ड्याबाहेर टाकलासुद्धा.

सगळे माझ्या पावलांकडे बघायला लागले. ती दाराच्या दिशेनं वळलेली होती. मी वळवलेली नव्हती.

"थांबा," शशिकला म्हणाली.

तिनं वरच्या फळीवरून लवंगांचा डबा काढला. लवंगा ताटलीत ओतल्या. तळाशी घडी घातलेला कागद होता, जुन्या कॅलेंडरचं पान, कडा पिवळ्या पडलेल्या. तिनं तो फरशीवर उलगडला. मागच्या कोऱ्या बाजूला शिसपेन्सिलीनं काढलेल्या दोन पावलांच्या रेघा होत्या.

मी त्या ओळखल्या. पहिल्या हंगामाला निघण्याआधी बूट घ्यायचे होते आणि मला दुकानात जायला वेळ नव्हता. तिनं मला कागदावर उभं केलं होतं, पावलांभोवती पेन्सिल फिरवली होती आणि ते माप घेऊन एकटी जाऊन बूट आणले होते. एक नंबर मोठे निघाले. मी तसेच वापरले.

मॅडम गुडघ्यावर बसल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"याचा उपयोग काय, वहिनी?"

"काही नाही."

"कधीच नव्हता?"

"बूट आणेपर्यंत होता. नंतर नाही."

"मग ठेवला कशाला?"

शशिकलेनं बराच विचार केला. कुकरच्या रिंगेचं, छत्रीचं, पिशव्यांचं कारण तिनं चटकन सांगितलं होतं. याचं तिला सापडेना.

"टाकवेना," ती म्हणाली.

मॅडमनी दुसरा रकाना भरला. मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि हौसाबाईंना सांगितलं की बाई, या टेकाडावरची पहिली बिनकामाची वस्तू मिळाली. हौसाबाई म्हणाल्या, मिळंल की, कुठं जातीय.

शशिकलेनं मला कागदावर उभं केलं. पावलं जुन्या रेघांत बरोबर बसली, केसभरही इकडेतिकडे नाही. अठ्ठावीस वर्षांत माझं पोट वाढलं, केस गेले, पावलं तेवढीच राहिली. तिनं माझ्या कानावरची पेन्सिल काढून घेतली आणि जुन्या रेघेवरून नवी रेघ फिरवायला सुरुवात केली. टाचेपासून निघाली, बाहेरच्या कडेनं करंगळीशी आली, एकेक बोट घेत अंगठ्याला वळसा घातला. मी आयुष्यभर रेघा मारल्या आहेत, पण इतकी सावकाश रेघ मी पाहिली नव्हती. मला गुदगुल्या झाल्या. तिनं हलू नका म्हणून दटावलं. उजवं झालं, मग डावं. डाव्या टाचेशी रेघेची दोन टोकं मिळाली आणि ती म्हणाली, "उतरा आता."

मी कागदावरून उतरलो. पावलं कागदावर राहिली.

रक्त वगैरे काही नाही. गुळगुळीत काम झालं होतं. मी टेप मागितला आणि स्वतःला लावून पाहिला, एकशे बावन्न. खड्ड्यात आडवा झालो तर डोक्याशीही जागा उरली नाही आणि खालीही नाही. मॅडमनी तिसऱ्या रकान्यावर खूण केली आणि ड्रायव्हरला खोकं उतरवायला सांगितलं. म्हणाल्या की एक अडचण आहे, निरुपयोगी वस्तू मृताशेजारी ठेवायची असते. शशिकला म्हणाली की खड्ड्यात उंदीर खातील, फळीवर राहू दे, फळी शेजारीच आहे. मी मोजून सांगितलं, नव्वद सेंटिमीटर. चालेल, असं मॅडम म्हणाल्या.

शशिकलेनं कागदाची चौघडी केली. जाड झाली होती, नीट बसेना, तिनं गुडघ्याखाली दाबून बसवली. मग ती डब्यात घातली, वरून लवंगा ओतल्या, झाकण लावलं आणि डबा फळीवर सरकवला. मला म्हणाली की माती नंतर घालू, आधी गरम गरम जेवून घ्या. सगळे गेले. हौसाबाई जाताना दाराशी थांबल्या, माझ्याकडे बघून समाधानानं मान डोलावली आणि चपला घालून चालत्या झाल्या. खालून मोहोळकरांची काठी थांबली. तिनं बशीत चहा ओतून माझ्या हातात दिला. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

बाहेर जीप सुरू झाली. ड्रायव्हरनं सवयीनं हॉर्न दिला, दोनदा, दरवर्षी दिवाळीनंतर मला घरून न्यायला येतो तेव्हा देतो तसा.

फळीवरचा डबा बोटभर दाराकडे सरकला.

शशिकलेनं डब्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी बशी खाली ठेवली आणि मी काही केलं नाही, असं सांगायला तोंड उघडलं. हॉर्न तिसऱ्यांदा वाजला आणि शशिकला ओट्यावरचा दगडी खलबत्ता दोन्ही हातांनी उचलून फळीकडे वळली.